दुकानाचा लोगो करताय? मग रंग सगळ्यात शेवटी निवडा

लोगो करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो रंगाचा, लाल घेऊ की हिरवा, आणि माझं ठाम मत आहे की रंगाला शेवटपर्यंत हातच लावू नका. आधी पांढऱ्या कागदावर नुसत्या काळ्या पेनाने काढा. रबर स्टॅम्पवर, बिलबुकावर, झेरॉक्समध्ये तो एकाच रंगात उमटणार आहे, तिथे ओळखू आला नाही तर वर कितीही ग्रेडियंट (एकातून दुसऱ्यात विरघळणारे रंग) मारा, काही उपयोग नाही.

स्टेट बँकेचा लोगो डोळ्यांसमोर आणा. एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेतल्या शेखर कामत यांनी १९७१ मध्ये केला. निळा गोल, मध्ये छोटा पांढरा गोल आणि त्यातून खाली उतरणारी एक चीर, बस. बँकेचं नाव झाकलं तरी कळतं. तुमचा घरगुती मसाल्याचा व्यवसाय असेल तर मिरची, चूल, खलबत्ता, नऊवारीतली आजी असं सगळं एकात कोंबू नका. खलबत्ता घ्या, तोही चार-पाच रेषांत बसवा.

आता अक्षर, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत लागतेच आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, मग इंग्रजी लोगो करून त्याखाली मराठी नाव चिकटवण्यापेक्षा देवनागरीपासूनच सुरुवात करा ना. आपल्या लिपीला वर वेलांटी, रफार, मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे उंचीला जागा लागते, ती नाही ठेवली तर पट्टीत बसवताना मात्रा कापल्या जातात. फार जाड फॉन्ट घेतला की लहान साइजला 'क्ष', 'ध' आतून भरून जातात, नुसते काळे ठिपके दिसतात. आणि 'ल', 'श' नीट बघा, बऱ्याच फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात, मराठी डोळ्याला लगेच खटकतं. मुक्ता, बालू हे 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे फॉन्ट फुकट आहेत, धंद्यासाठीही वापरता येतात, सुरुवातीला तेवढे पुरतात.

मग दीड सेंटीमीटरची प्रिंट काढा आणि व्हॉट्सॲपला डीपी लावून बघा. तिथे गोल कापला जातो, आडवं लांब नाव असेल तर दोन्ही टोकं गायब होतात, म्हणून फक्त चिन्ह किंवा पहिलं अक्षर असलेला छोटा लोगो वेगळा करून ठेवा.

आता रंग. दोन पुरे. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं लांबून दिसतच नाहीत, पिवळ्यावर मरून किंवा काळी मात्र चालत्या बसमधून वाचता येतात. लाल-निळं एकमेकांवर टाकलं की डोळ्याला त्रास होतो. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, दोन्ही रंग सारखेच राखाडी दिसले तर जोडी बदला. आजूबाजूची सगळी दुकानं लाल-पिवळी असतील तर तुम्ही गडद हिरवा घ्या, उठून दिसाल. मोबाइलवरचा झगझगीत केशरी किंवा पोपटी छापल्यावर मंद होतो, कारण स्क्रीन आरजीबीत, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशात दाखवते आणि छपाई सीएमवायकेत, म्हणजे निळसर, गुलाबी, पिवळ्या, काळ्या शाईत होते, म्हणून हजार कार्डं छापायच्या आधी एक प्रिंट हातात घेऊन बघाच. आणि उन्हातल्या फ्लेक्सवर लाल-पिवळा आधी उडतो, निळा-काळा जास्त टिकतो, कुठलाही जुना बोर्ड बघा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानाने याचा नक्की विचार करावा.

एक महत्त्वाचं, छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र आणि अशोकस्तंभ धंद्याच्या लोगोत परस्पर वापरता येत नाही, १९५० चा कायदा आहे त्यासाठी. श्रद्धा कितीही असली तरी टाळा.

डिझायनरकडून फक्त जेपीजी घेऊन घरी येऊ नका. सीडीआर (कोरलड्रॉची) किंवा एआय (इलस्ट्रेटरची) मूळ फाइल, पीडीएफ, मागे पांढरं नसलेली पीएनजी आणि रंगांचे सीएमवायके आकडे लिहून घ्या. अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या आकारात बदलून मागा, नाहीतर दुसऱ्या प्रेसमध्ये तो फॉन्ट नसला की नावाची पार वाट लागते.

बोर्डाची ऑर्डर द्यायच्या आधी सरकारच्या ट्रेडमार्क साइटवर तसंच नाव किंवा चिन्ह कुणी घेतलंय का ते शोधा. ट्रेडमार्कसाठी मालाचे क्लास म्हणजे वर्ग पाडलेले असतात, मसाले क्लास ३० मध्ये येतात, आणि स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर एका क्लासची फी ४,५०० रुपये आहे.