घरात कुणी शेवटच्या आजारात असताना धीर द्यायला जाताय? या चुका टाळा

'आता फार काही करता येणार नाही' असं डॉक्टरांनी सांगून झालेल्या बऱ्याच घरांत मी बसले आहे. तिथे माझं लक्ष पेशंटपेक्षा त्याच्या माणसांकडे जास्त असतं: बायको, मुलगा, बहीण, जे कुणी रात्री जागत असेल ते. त्यांना धीर द्यायला येणारे लोक दर वेळी त्याच त्या चुका करतात. मनात वाईट काही नसतं, मान्य. पण त्या चुका निस्तरायच्या असतात आधीच थकलेल्या माणसाला.

सर्वांत जास्त राग मला न मागता उपाय पाठवण्याचा येतो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. मैत्रिणीच्या नवऱ्याचा स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. रात्री अकराला मला कुठल्याशा नव्या उपचाराबद्दलचा लेख दिसला. 'बघ गं, काही उपयोग होतो का' म्हणून मी तो तिला पाठवला आणि आपण काहीतरी केलं या समाधानात झोपले. ती पहाटे तीनपर्यंत वाचत बसली. सकाळी सगळे रिपोर्ट पिशवीत भरून तिसऱ्या डॉक्टरांकडे गेली, चार तास ताटकळली आणि या उपचाराचा तुमच्या आजाराशी संबंधच नाही, एवढं ऐकून परत आली. नेमकं त्या दिवशी त्याचं दुखणं जरा कमी होतं. कितीतरी दिवसांनी तो खुर्चीत बसला होता, गप्पांना आला होता, आणि 'ती कुठे गेली' म्हणून विचारत होता. तसा दिवस पुन्हा आला नाही. तिने मला कधी बोलून दाखवलं नाही, त्याच्या बहिणीकडून कळलं.

तेव्हापासून विचारल्याशिवाय मी एकही लिंक पाठवत नाही. फारच हात शिवशिवले तर स्वतःलाच पाठवते. दोन दिवसांनी वाचलं की ती का पाठवायची नव्हती ते कळतं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचं नाव काढताच 'म्हणजे हात टेकलेत का तुम्ही?' असं घरच्यांना विचारणं. अहो, वेदना, धाप, मळमळ, भीती यांच्यावरचे ते उपचार आहेत. 2010 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ज्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून ही काळजी मिळाली, त्यांच्यात नैराश्य कमी आढळलं आणि ते साधारण पावणेतीन महिने जास्तच जगले. प्रत्येक आजारात असंच होईल असं नाही. पण ज्या बायकोने महत्प्रयासाने तो निर्णय घेतलाय, तिच्या डोक्यात शंकेचा किडा सोडून निघून जाऊ नका.

आता 'काही लागलं तर सांग'. हे वाक्य बोलणाऱ्याला मोकळं करतं आणि ऐकणाऱ्याला कामाला लावतं. काय लागतंय ते शोधा, कुणाला सांगायचं ते ठरवा, मग संकोच गिळून फोन करा. कोण करतं? मी कधीच कुणाला करताना पाहिलेलं नाही. त्यापेक्षा दिवस आणि वेळ घालून सांगा: 'मंगळवारी चार ते सहा मी त्यांच्याजवळ बसते, तू झोप नाहीतर बाहेर चक्कर मारून ये.' औषधं आणणं, विम्याच्या कागदांच्या झेरॉक्स काढणं, मुलांना शाळेतून आणणं, नातेवाइकांना रोजची खबर एकाच ठिकाणाहून देणं, यातलं एक काम उचला आणि शेवटपर्यंत करा. पहिल्या आठवड्यात धावून येणारे खूप असतात. त्यांचा उत्साह सातव्या आठवड्यात कुठे जातो, कुणास ठाऊक.

भेटायला जाऊन त्या घरातल्या माणसाच्याच गळ्यात पडून रडणं, हे तर मी इतक्यांदा पाहिलंय! मग पेशंटची मुलगी पाहुण्यांना पाणी आणून देते आणि 'सावरा' म्हणते. मानसशास्त्रज्ञ सुसान सिल्क आणि त्यांचे सहलेखक बॅरी गोल्डमन यांनी 2013 मध्ये यावर वर्तुळांची सोपी युक्ती मांडली होती. मधोमध आजारी माणूस, त्याभोवती सर्वांत जवळचे, मग बाकीचे. आधार आतल्या दिशेने द्यायचा, रडगाणं बाहेरच्या दिशेने. तुम्हाला रडू येणारच. ते घरी येऊन, तुमच्या माणसाजवळ.

एक चूक मात्र बंद दाराआड होते, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. महिनोन्महिने जागलेली व्यक्ती कधीतरी हळूच म्हणते, 'कधी कधी वाटतं, सुटावं आता यातून.' त्यावर 'असं बोलू नये' म्हणालात की दार कायमचं बंद. ते प्रेम आटल्याचं लक्षण नसतं. माणूस समोर असतानाच त्याच्या जाण्याचं दुःख सुरू होतं, त्यात थकवा, राग, सुटकेची इच्छा सगळं मिसळलेलं असतं. मी फक्त 'हं, वाटत असणार' म्हणते आणि थांबते. ती शांतता जड जाते. तरी भरायची नाही.

बाकीच्या चुका झटपट सांगते. 'पॉझिटिव्ह राहा' म्हणू नका. 'जेवतच नाहीत? थोडं भरव की' हेही नको. शेवटच्या दिवसांत भूक मरते, जबरदस्तीने भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि न भरवल्याचा अपराधीपणा मात्र घरच्यांच्या वाट्याला येतो. दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मोजत बसू नका. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या त्या मरणाऱ्या रुग्णांशी बोलून, नातेवाइकांचं वेळापत्रक म्हणून नव्हे. आणि 'शेवटच्या क्षणी तू जवळ नव्हतीस?' हा प्रश्न तर विचारूच नका. पाच मिनिटं खोलीबाहेर गेलं आणि तेवढ्यात श्वास थांबला, असं पुष्कळदा होतं.

माणूस गेल्यावर मी फोनमध्ये तीन महिन्यांनंतरची एक आठवण लावून ठेवते. तोवर घरातली वर्दळ संपलेली असते. त्या दिवशी मी गेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याची एखादी छोटी गोष्ट लिहून पाठवते. खाली एक ओळ असते: 'उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.'