जोत्तोचा ‘शोक’ कसा पाहावा

जळगावकरांसाठी भित्तिचित्र म्हणजे अजिंठा, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु इटलीतील पादुआ येथल्या स्क्रोवेन्यी प्रार्थनागृहात चित्रकार जोत्तोने 1305च्या सुमारास रंगवलेला येशूच्या मृत्यूचा शोक पाहताना ती सवय थोडी बदलावी लागते. अजिंठ्याचे रंग वाळलेल्या गिलाव्यावर आहेत, तर जोत्तोने दिवसभरात रंगवून होईल एवढाच चुन्याचा गिलावा लिंपून तो ओला असतानाच काम केले. निळा रंग मात्र गिलावा वाळल्यावर चढवलेला असल्याने येशूची आई मरिया हिच्या झग्यावरून तो बराचसा निघून गेला आहे. तो फिकेपणा दुःखाची खूण समजू नये.

मोबाइलवर चित्र मोठे करण्याआधी ते पूर्ण पाहावे. उजवीकडे वरून खडकाची एक कड तिरपी खाली उतरते. तिच्यामागे नजर सोडली, की ती मरिया आणि येशू यांच्या जवळ आलेल्या चेहऱ्यांपाशी येऊन थांबते. म्हणजे चित्राचा गाभा मध्यभागी नसून खाली डावीकडे आहे.

मग पाठमोऱ्या बसलेल्या दोन आकृतींकडे वळावे. आपल्याकडे मयताच्या घरी उंबऱ्यातून आधी दिसतात त्या डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या बायकांच्या पाठीच, आणि चेहरा न दिसताही रडणे कळते. जोत्तोला हे नेमके ठाऊक होते. त्यानंतर हात पाहावेत: येशूचा शिष्य योहान याचे मागे फेकलेले, येशूची अनुयायी मग्दालीया मरिया हिचे येशूच्या पावलांना धरलेले.

आकाशातले देवदूतही आक्रोश करतात. अजिंठ्याच्या 26व्या लेण्यातील महापरिनिर्वाण शिल्पात खाली शिष्य शोक करतात आणि वर देवगण आनंदात असतात; ते आठवले, की इथे स्वर्गही रडतो यातले वेगळेपण लगेच जाणवते.

शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रांत, या विलापाचे वर्णन नाही. येशूच्या वेदनेत भाविकाने मनाने सहभागी व्हावे, या मध्ययुगीन भक्तीतून असे प्रसंग चित्रांत रुजले. खडकावरचे निष्पर्ण झाड बायबलमधील पहिला माणूस आदाम याच्या पापाने वाळलेला ज्ञानवृक्ष मानले जाते. शेवटी शेजारची चौकट न चुकता पाहावी: इथे पावले धरून बसलेली मग्दालीया तिथे मरणातून उठलेल्या येशूकडे हात पसरते, आणि तो तिला स्पर्श करू देत नाही.