मराठी टायपिंग करणाऱ्यांनी कीबोर्ड कसा मांडावा: उजव्या करंगळीपासून खांद्यापर्यंत

‘अधिकाऱ्यांच्या’ हा शब्द इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत, टाइप करा आणि पडद्याकडे न बघता स्वतःच्या उजव्या करंगळीकडे बघा. अ ला उजव्या करंगळीचा शिफ्ट, ध ला डावा शिफ्ट, ऱ ला डावा शिफ्ट. ‘ऱ्यां’मधला य करंगळीचा, ‘च्या’मधला च करंगळीचा आणि पुन्हा य करंगळीचाच. शिफ्टसकट सतरा वेळा बटण दाबलं जातं. त्यातल्या चार वेळा उजवी करंगळी दाबते, म्हणजे हातातलं सगळ्यात दुबळं बोट.

इंग्रजी टाइप करणाऱ्याच्या करंगळीला एवढं काम नसतं, कारण तिच्या बाजूला बरीचशी विरामचिन्हं आहेत. आपल्याकडे त्याच जागी ज, ड, च, ट, य आहेत आणि शिफ्टसकट झ, ढ, छ, ठ आहेत. शिवाय एंटर आणि बॅकस्पेस तिच्याच बाजूला. ‘च्या’ शिवाय मराठीत एक परिच्छेद पुरा होत नाही. प्रत्येक वेळी करंगळी पोचत नाही म्हणून आपण काय करतो? मनगट बाहेरच्या बाजूला, करंगळीकडे वाकवतो. दिवसातून हजारो वेळा.

मी पुण्यात शनिवार पेठेत डीटीपीचं काम करते. टायपिंग शिकले १९९३ साली, गोदरेजच्या टाइपरायटरवर, रेमिंग्टन पद्धतीने. इन्स्क्रिप्ट पुढे शिकले. त्याची मांडणी १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, म्हणजे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. मांडणी चांगलीच आहे, मी ती सोडणार नाही. पण तिच्यामुळे भार कुठे पडतो ते कळलं, तर कीबोर्ड कसा ठेवायचा तेही कळतं.

माझं दुखणं मनगटात नव्हे, उजव्या खांद्यात सुरू झालं. मी तेव्हा एका छपाईच्या कार्यालयात नोकरीला होते. तिथे सनमायका लावलेली नवीन टेबलं आली, खाली सरकता ट्रे असलेली. ट्रेमध्ये कीबोर्ड बसला, माउसला जागा उरली नाही, म्हणून माउस वर टेबलावर. सहा महिन्यांत उजवा हात डोक्यावर नेऊन वेणी घालणं जमेना. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला तपासायच्या आधी विचारलं, “तुमचा माउस कुठे असतो?” तिथून पुढे मी जे शिकले ते लिहिते आहे. फोनेटिक, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगने मराठी उमटवणारी पद्धत, वापरणाऱ्यांना बोटांचा हिशोब वेगळा लागेल, बाकी सगळं तसंच लागू आहे.

आधी उंची

नवा कीबोर्ड घ्यायच्या आधी हे करा. खुर्चीवर बसा, दंड अंगालगत सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा. तळहात जिथे आला, तिथेच किंवा त्याच्या थोडी खाली बटणं हवीत. आपली टेबलं साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतात. माझी उंची पाच फूट. पाय जमिनीला टेकवून बसले की माझं कोपर जमिनीपासून जेमतेम साठ सेंटिमीटरवर येतं. म्हणजे टेबलाशी हात न्यायचे तर दोन्ही खांदे उचलून धरावे लागतात आणि मी ते वर्षानुवर्षं उचलूनच धरले होते. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू संध्याकाळी दगडासारखा व्हायचा तो यामुळे.

टेबल कापता येत नसेल तर खुर्ची वर घ्या आणि पायांखाली आधार द्या. खुर्ची वर घेऊन पाय लोंबकळत ठेवले तर मांडीखाली रग लागते आणि माणूस नकळत पुढे सरकतो, पाठ सुटते. माझ्या टेबलाला पायांखाली पंधरा सेंटिमीटर लागले. कागदाची तीन रिमं बरोबर तेवढी होतात, पण कागदाला पाय लावणं मनाला पटेना. एक जुनं लाकडी स्टूल सुताराकडून कापून घेतलं. रिमं वापरली ती मॉनिटर उंच करायला. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यावी, वाचायचा चष्मा दुहेरी काचेचा असेल तर थोडी खाली.

हस्तलिखित बघून टाइप करत असाल तर ते टेबलावर आडवं ठेवू नका. पोथी वाचायचं कात्रीसारखं उघडणारं लाकडी स्टँड पडद्याला लागून ठेवा. नाहीतर मान दर ओळीला खाली आणि बाजूला वळते, तो त्रास लोक कीबोर्डच्या नावावर खपवतात.

मग कीबोर्डचे पाय मिटा

कीबोर्डच्या मागच्या बाजूला दोन छोटे पाय असतात. ते उघडले की मागची बाजू उचलली जाते आणि मनगट मागे, वरच्या दिशेला दुमडतं. मनगटात हाडं आणि एका जाड पट्ट्याच्या मधून नऊ कंडरा आणि एक मुख्य नस जाते. मनगट वर दुमडलं की त्या बोगद्यात दाब वाढतो. पाय मिटवून ठेवा. मी त्याच्याही पुढे जाऊन पुढच्या कडेखाली, स्पेसबारच्या बाजूला, दोन खोडरबर चिकटवले. कीबोर्ड माझ्यापासून दूर जाताना किंचित उतरता होतो आणि हाताची पाठ बाहूच्या सरळ रेषेत राहते. दोन दिवस विचित्र वाटलं, नंतर सपाट कीबोर्डच खटकायला लागला.

मनगटाखालची मऊ पट्टी थांबलात की टेकायला आहे, टाइप करताना नाही. मनगट तिच्यावर रोवून बोटं ताणली की तोच दाब, फक्त खालून.

मध्य कुठे आहे?

बहुतेक लोक कीबोर्ड टेबलाच्या मधोमध ठेवतात. त्यात आकड्यांचा भाग धरलेला असतो, म्हणून अक्षरांचा भाग डावीकडे सरकतो आणि दोन्ही हात तिरके जातात. इन्स्क्रिप्टमध्ये ु आणि प शेजारीशेजारी आहेत. त्या दोघांच्या मधली फट बेंबीच्या समोर आणा. एवढं आत्ता, वाचता वाचता करून बघा.

तसं केलं की लगेच दिसेल, आकड्यांचा भाग उजवीकडे किती पसरला आहे. पूर्ण कीबोर्ड ४४ सेंटिमीटरच्या आसपास असतो, आकड्यांशिवायचा सुमारे ३६. ते आठ सेंटिमीटर माउस दूर ढकलतात. हात बाहेर पसरून माउस धरला की खांद्याच्या मागचे स्नायू सतत ताणलेले राहतात, हालचाल नसली तरी. माझ्या खांद्याचं मूळ इथेच होतं. म्हणून पैसे खर्च करायचे तर पहिला खर्च आकड्यांचा भाग नसलेल्या साध्या कीबोर्डवर करा. हिशोबाचं काम असेल तर आकड्यांचा पॅड सुटा मिळतो, तो डावीकडे ठेवा. माउस आणि कीबोर्ड एकाच पातळीवर हवेत. ट्रेमध्ये दोन्ही मावत नसतील तर ट्रे बंद करा आणि दोन्ही वर घ्या.

हाताचा पुढचा भाग टेबलावर टेकेल एवढी जागा कीबोर्डच्या पुढे सोडा. हे फार महत्त्वाचं आहे. अमेरिकेत फोनवरून ग्राहकांची कामं करणाऱ्या १८२ कर्मचाऱ्यांवर वर्षभर प्रयोग करून २००६ साली निष्कर्ष छापले गेले. टेबलाच्या कडेला हात टेकायला रुंद फळी दिलेल्यांचं मान-खांद्याचं दुखणं कमी झालं. महाग यंत्र नाही, फळी. मी कीबोर्ड आत सरकवून पंधरा सेंटिमीटर मोकळे ठेवले आहेत आणि टेबलाच्या धारेवर जुनी चादर घडी करून टाकली आहे.

शिफ्ट

मराठीत शिफ्ट किती लागतो याचा विचार कुणी करत नाही. ख, घ, थ, ध, भ, फ, ण, श, ळ आणि सगळे सुटे स्वर शिफ्टवरचे. नियम एकच: अक्षर ज्या हाताचं, शिफ्ट त्याच्या विरुद्ध हाताचा. भ, ध, ख उजव्या हाताचे, त्यांना डावा शिफ्ट. अ, आ, इ, ए, ण डाव्या हाताचे, त्यांना उजवा शिफ्ट. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली सगळ्याला डावाच शिफ्ट वापरतात. मग अ टाइप करताना डावी करंगळी खाली आणि मधलं बोट डी च्या बटणावर, पंजा चिमटल्यासारखा होतो. ‘आणि’ या शब्दात तसं दोनदा.

करंगळी दुखायला लागली असेल तर विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबा, स्टिकी कीज सुरू करायचं का असं विचारलं जाईल. हो म्हणा. मग शिफ्ट दाबून सोडायचा आणि नंतर अक्षर दाबायचं, धरून ठेवावं लागत नाही. अपंगांसाठीची सोय म्हणून लोक ती बंद करतात. मी तीन महिने सुरू ठेवली होती, त्या काळात करंगळीची सूज उतरली.

टाइपरायटरवर शिकलेल्यांसाठी आणखी एक. तिथे बटण जोरात ठोकल्याशिवाय अक्षर उठायचं नाही. कॉम्प्युटरच्या बटणाला साधारण ५० ग्रॅमचा दाब पुरतो, आपण त्याच्या कितीतरी पट देतो. रात्री घरातली माणसं झोपलेली असताना आवाज न करता एक पान टाइप करायचा सराव करा. जोर आपोआप उतरतो. टाइपरायटरची एक गोष्ट मात्र फार चांगली होती: दर ओळीला डावा हात उचलून कॅरेज ढकलायला लागायचा. आता तो खंड स्वतःच पाडावा लागतो. माझा वेग मिनिटाला ४० शब्द, पानाला तीनशे शब्द. चार पानं झाली की अर्धा तास झाला, मी उठते. घड्याळापेक्षा पानं मोजणं मला सोपं जातं.

डॉक्टरकडे कधी

अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल आणि झटकल्यावर बरं वाटत असेल, तर ते मनगटातली नस दबल्याचं लक्षण असू शकतं. करंगळी आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात मुंग्या येत असतील तर बहुधा कोपराजवळची नस दबते आहे. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. हातातून कप निसटतो, शर्टाचं बटण लागत नाही, अशी वेळ आली असेल तर कीबोर्ड बदलत बसू नका. नसांची तपासणी करून घ्या. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग एकदा बसला की तो पुन्हा भरेलच असं नसतं.

दोन भागांचा कीबोर्ड

हे सगळं करूनही मनगट बाहेर वळतंच, कारण सरळ कीबोर्डवर दोन्ही हात एकमेकांजवळ आणून मग पंजे बाहेर वळवावे लागतात. यावर उपाय म्हणून मधोमध दुभंगलेले कीबोर्ड आले. मायक्रोसॉफ्टचा नॅचरल १९९४ चा, त्यानंतर असे बरेच निघाले. काहींचे दोन भाग पूर्ण सुटे असतात, आतली बाजू तंबूसारखी उचलता येते. पालथा हात टेबलाला पूर्ण समांतर ठेवायला बाहूची दोन हाडं एकमेकांवरून फिरवावी लागतात, तंबूसारख्या चढामुळे ती पिळवटणी कमी होते.

ते महाग असतात, म्हणून आधी फुकटात अंदाज घ्या. विंडोजला दोन कीबोर्ड एकाच वेळी जोडता येतात आणि एकावरचा शिफ्ट दुसऱ्यावरच्या अक्षराला लागू पडतो. आकड्यांचा भाग नसलेले दोन साधे कीबोर्ड शेजारी ठेवा, डावा हात एकावर, उजवा दुसऱ्यावर, आणि दोन्ही आपापल्या बाहूच्या दिशेत फिरवा. हात गरजेपेक्षा थोडे दूर जातील, रोज वापरायची ही रीत नव्हे. पण अर्ध्या तासात छाती उघडल्यासारखी वाटली, तर दुभंगलेला कीबोर्ड तुमच्या कामाचा आहे.

विकत घेताना मराठीसाठी बटणं मोजा. छोट्या सुट्या कीबोर्डांमध्ये उजव्या कडेची बटणं गाळलेली असतात. इंग्रजी लिहिणाऱ्याचं चालतं. आपला ट, ड आणि ‘ऑफिस’, ‘कॉलेज’मधला ॉ तिथेच आहेत. ‘कृपया’तला ृ आकड्यांच्या ओळीत आहे. ज च्या उजवीकडे निदान ड, च च्या उजवीकडे ट, आणि ॉ ला स्वतंत्र जागा, हे नसेल तर घेऊ नका. आणि व कोणत्या बोटाने टाइप करता ते पाहून ठेवा. दुभंगलेल्या कीबोर्डवर तो डाव्या भागात असतो. उजव्या तर्जनीने व मारायची सवय असेल तर ती मोडावीच लागेल.

माझा वेग पहिल्या आठवड्यात निम्म्यावर आला होता, पूर्ववत व्हायला महिना लागला. रोज सकाळी अर्धा तास नव्यावर, उरलेला दिवस जुन्यावर, असं करत वेळ वाढवा. जुना कीबोर्ड काढून ठेवू नका, शेजारी जोडलेलाच राहू द्या. घाईचं काम आलं की हात तिकडे वळवता येतो.