भिगवणच्या पहाटेची तयारी, लहान मुलं सोबत असताना

दिवाळीचा फराळ संपला की आमच्या दाराजवळच्या खुंटीला एक कापडी पिशवी लागते, ती होळीपर्यंत तिथेच असते. मुलं चार आणि सात वर्षांची आहेत. थंडीतले जमतील तेवढे रविवार त्यांना घेऊन बाहेर काढायचे, कधी जवळची टेकडी, कधी कुणाच्या शेतावर हुरडा, आणि एकदा तरी भिगवण, उजनी धरणाच्या पाण्यावरचे पक्षी बघायला. टेकडीला पिशवी उचलून निघता येतं. भिगवण पुण्याहून शंभरेक किलोमीटर, त्यात पहाटेचा प्रवास आणि होडी, म्हणून त्याची तयारी सविस्तर सांगते.

सगळ्यात आधी तारीख. उजनी धरण पावसाळ्यात भरतं आणि पुढे जसजसं पाणी ओसरतं तसतसा काठचा चिखल उघडा पडतो. रोहित पक्ष्यांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, असं उथळ पाणी लागतं. धरण तुडुंब असताना गेलात तर इतर पक्षी दिसतील, पण रोहित दिसतीलच असं नाही. मुलांना महिनाभर रोहितची गोष्ट सांगून नेलं आणि तो दिसलाच नाही, तर त्यांची समजूत काढणं कठीण. आम्ही जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी धरतो, आणि आठवडाभर आधी भिगवणजवळच्या कुंभारगावच्या नावाड्याला फोन करतो. दोनच प्रश्न विचारायचे: रोहित कुठवर आलेत, आणि लहान मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का.

हा दुसरा प्रश्न मी अनुभवातून शिकले. एका तलावावर आम्ही काठाशी पोचल्यावर जॅकेट बघितलं, तर ते मोठ्या माणसाचं. धाकट्याला घालून खांद्याशी धरून वर उचललं, तर जॅकेट सरळ कानांवर आलं. पाण्यात पडल्यावरही हेच झालं असतं. आम्ही होडीत बसलो नाही. मोठी बरीच रडली, पण त्या निर्णयाबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. तुम्हीही स्वेटरवरून जॅकेट घालून, पट्टे आवळून, खांद्याशी वर ओढून बघा. हनुवटीच्या वर सरकत असेल तर त्या जॅकेटवर होडी नको. काठावरूनही पुष्कळ दिसतं.

आता कपडे. आपल्या देशावरच्या थंडीत पहाटे आठ-दहा अंश आणि दुपारी तीसच्या आसपास, एकाच दिवसात. त्यामुळे एक जाड जाकीट घालून नेलं की नऊ वाजता मूल घामाने ओलं होतं, आणि तोच घाम वाऱ्यावर गार पडतो. आत सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, मग स्वेटर, आणि होडीपुरता सगळ्यात वर वारा अडवणारा पातळ विंडचीटर. पाण्यावरचा वारा काठापेक्षा बराच बोचतो. कानटोपी हवीच. मफलर मात्र होडीत नको, लांब टोकं कुठेही अडकतात. रंग मातकट, हिरवे, करडे. लाल आणि पांढरेशुभ्र कपडे घरी ठेवा, पक्षी लांबूनच बिचकतात. पँट पूर्ण लांबीची आणि गुळगुळीत कापडाची असू द्या. या दिवसांत गवत वाळलेलं असतं आणि लोकरीच्या मोज्यांत कुसळं अशी घुसतात की मूल पाऊल टाकायला तयार होत नाही. एक जुना बारीक दातांचा कंगवा पिशवीत टाकला की कुसळं पटकन निघतात.

ओठ आणि गाल फुटतात, त्यासाठी व्हॅसलीन घ्या. खोबरेल तेलच वापरत असाल तर बाटली अंगावरच्या खिशात ठेवा, पहाटे ते गोठलेलं असतं. उन्हाची टोपीही विसरू नका, पाण्यावरून परतणारं ऊन चेहऱ्याला चांगलंच लागतं.

खाण्याचं मी फार ताणत नाही. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, उकडलेली अंडी, बोरं. निघताना मात्र पोटभर दूध पाजू नका, गाडी लागणाऱ्या मुलांना ते हमखास उलटतं. दोन घास दशमी पुरे. थंडीत मुलं पाणी मागत नाहीत, म्हणून कोमट पाण्याचा थर्मास हाताशी ठेवून दर थांब्याला चार घोट पाजावे लागतात. मग लघवीलाही थांबावं लागतं, ते वेळेत धरा. धाकट्याचे कपड्यांचे दोन जोड, जुनी वर्तमानपत्रं, ओल्या कपड्यांसाठी पिशव्या. औषधांत तापाचं औषध, त्याचा वजनाप्रमाणे डोस डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घेतलेला, ओआरएस, चिकटपट्टी आणि बाभळीच्या काट्यांसाठी चिमटा.

आम्ही पाचला निघतो. मुलांना रात्रीच आतले कपडे घालून झोपवते, म्हणजे पहाटे उचलून गाडीतल्या त्यांच्या सीटवर बसवायचं, पट्टा लावायचा आणि पांघरूण घालायचं. सोलापूर रस्त्यावर या दिवसांत उसाची वाहतूक असते. अंधारात मागचा दिवा नसलेली ट्रॉली अचानक समोर येते, त्यात नदीकाठी धुकं. सूर्योदय गाठायच्या नादात वेग वाढवू नका. सातच्या पुढे-मागे पोचलं तरी चालतं.

मुलांसाठी दुर्बिणीपेक्षा एका कागदाची तयारी मला जास्त महत्त्वाची वाटते. आदल्या आठवड्यात आम्ही पाचच पक्षी काढून रंगवतो: रोहित, चक्रवाक, चित्रबलाक, शेकाट्या आणि पट्टकदंब. पट्टकदंबाच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, आणि तो हिमालय ओलांडून येतो हे सांगितलं की मुलं नकाशा मागतात. रोहितच्या अंगाचा गुलाबी रंग त्याच्या खाण्यातून येतो आणि त्याची पिल्लं राखाडी असतात, हेही आधी सांगून ठेवा. थव्यातला राखाडी पक्षी मग मूलच तुम्हाला दाखवतं. मोठीच्या वर्गात एक रोहित आहे, त्यामुळे हे नाव तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. लहान मुलांना दुर्बिणीत पक्षी सापडत नाही आणि ती रडकुंडीला येतात. एक हलकी दुर्बीण, आखूड पट्ट्याची, मोठ्यांच्या गळ्यात पुरे.

होडीत कुणी उभं राहायचं नाही, हात पाण्यात घालायचा नाही, बोलायचं ते कानाशी. हे घरीच, सतरंजीची होडी करून दोनदा खेळून घेतलं की तिथे ओरडावं लागत नाही. बसण्याआधी नावाड्याला स्वच्छ सांगा, "दादा, थवा उडवायचा नाही, लांबूनच दाखवा." फोटोसाठी पक्षी उडवण्याची काहींना सवय असते. चरणाऱ्या पक्ष्याला उगाच उडवलं की त्याची ताकद आणि खाण्याचा वेळ, दोन्ही वाया जातात. मुलांच्या देखत हे सांगावं असं मला मनापासून वाटतं.

नऊ-साडेनऊपर्यंत काठावर परत. पुढे ऊन चढतं, धाकटा पेंगायला लागतो. गावात घराघरांतून जेवण मिळतं, चिलापीचं कालवण छान असतं, पण मुलांना मासा देताना काटे आपण काढून द्यायचे. आधी सांगून ठेवलं तर भाकरी-पिठलंही करून देतात. अकराला गाडीत बसलं की मुलं झोपतात ती थेट घर येईपर्यंत.

घरी आल्यावर थर्मास उपडा घालायचा, मोज्यांतली उरलेली कुसळं काढायची, वापरलेले कपडे धुवायला टाकून दुसरा जोड भरायचा आणि पिशवी परत खुंटीला. पुढच्या रविवारी टेकडी आहे.