खिडकी, काळी शाल आणि झेंडू: जुन्या डच पेंटिंगसारखे फुलांचे फोटो घरच्या घरी

परवा एका मैत्रिणीने माझा झेंडूचा फोटो बघून विचारलं, कुठलं अ‍ॅप गं हे? अ‍ॅप वगैरे काही नाही, आमच्या मागच्या खोलीची उत्तरेकडची खिडकी आणि आजीची काळी शाल, बास. ऑइल पेंटिंगचे फिल्टर मीपण मारून बघितलेत सगळे, पाकळ्या वितळलेल्या मेणासारख्या होतात नुसत्या. आणि गंमत म्हणजे ज्या चित्रांची आपण नक्कल करायला जातो ना, सतराव्या-अठराव्या शतकातली हॉलंडची फुलांची चित्रं, राखेल राइश, यान फान हाइसुम वगैरे मंडळींची, त्यात ब्रशचे फटकारे जवळजवळ दिसतच नाहीत. पाकळीवरची शीर दिसते, दवाचा थेंब दिसतो, पानावर चढणारा किडा दिसतो. तरी ते बघता क्षणी पेंटिंग वाटतं, कारण उजेड एका बाजूने येतो आणि बाकी सगळीकडे गडद. म्हणून आधी अंधार जमवायचा, फुलं नंतर आणायची.

तर खिडकी. उत्तरेची असेल तर उत्तम, कारण थेट ऊन येत नाही. फक्त आपल्या मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्या उत्तरेकडून जातो (शून्य सावलीचे दिवस म्हणतात ना, ते याच काळाच्या दोन टोकांना येतात), तेव्हा सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतही उन्हाची तिरीप घुसते, अशा वेळी पांढरा पंचा लावायचा खिडकीला. खरं तर जुलैचं ढगाळ आभाळ असेल तर पंचाही लागत नाही, या फोटोंसाठी पावसाळ्यासारखा उजेड दुसरा नाही. खोलीतली ट्यूबलाइट बंद, बाकीच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले. मग या एका खिडकीचा खालचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकायचा, म्हणजे उजेड वरून तिरका उतरतो. त्या चित्रांत तो बहुतेक वेळा डावीकडून वरून येतो, म्हणून टेबल असं लावा की तुम्ही फोटो काढताना खिडकी डाव्या हाताला असेल.

पाठीमागे काळं कापड, पण कुठलंही नाही. काळा चार्ट पेपर चकाकतो आणि फोटोत राखाडी दिसतो, सॅटिनचंही तेच. मखमल किंवा लोकरीची शाल बेस्ट. शाल फुलांना चिकटवून लावू नका, तीन-चार फूट मागे, खिडकीच्या उजेडाच्या बाहेर टांगा, मग ती दिसतच नाही, नुसता काळोख दिसतो. सावलीची बाजू फारच बुडत असेल तर उजवीकडे थर्माकोलचा तुकडा उभा करायचा, पण लांब. मी आधी थर्माकोल अगदी जवळ ठेवायचे, सगळं छान उजळ व्हायचं आणि लग्नाच्या हॉलमधल्या फुलदाणीसारखं दिसायचं.

फुलं आणायला पहाटे दादरच्या फूल मार्केटला गेलात तर मजा आहे, पण महागडी लिली-ऑर्किड घेऊ नका लगेच. दांड्यांसकट मिळणारी गुलाबाची एक गड्डी, निशिगंधाच्या चार छड्या, आणि झेंडू, शेवंती, अ‍ॅस्टर हारासाठी सुटे किलोवर मिळतात ते पावशेर. सुट्या फुलांना दांडी नसते हा प्रॉब्लेम, त्यावर उपाय म्हणजे खराट्याच्या काड्या, देठाच्या बाजूने हळूच टोचायच्या. विक्रेत्याकडे मान मोडलेली, किडीने खाल्लेल्या पानांची फुलं मागा, तो विचित्र बघेल, बघू दे. या चित्रांमध्ये कुरतडलेली पानं, गळायला आलेल्या पाकळ्या मुद्दाम असतात, सगळंच ताजं टवटवीत असेल तर फोटो नर्सरीच्या कॅटलॉगमधला वाटतो. मी तर गुलाब तीन दिवस ठेवून देते, बाहेरच्या पाकळ्या मागे वळायला लागल्या की मग काढते फोटो.

भांडं म्हणून लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी किंवा पितळी गडू. गडू घासू नका पण, लख्ख पितळेत आख्खी खिडकी आणि तुम्ही स्वतः दिसता. फुलदाण्यांसाठी तो हिरवा स्पंज मिळतो तो प्लॅस्टिकचाच प्रकार असतो, भुगा होऊन पाण्यात जातो, त्यापेक्षा बरणीत कोंबडीच्या खुराड्याची जाळी चुरगाळून घाला, काड्या हव्या त्या कोनात अडकतात.

आता मांडणी, आणि इथे वेळ घालवा, अर्धा दिवस गेला तरी चालेल. फुलांचा पसारा भांड्याच्या उंचीच्या दुप्पट तरी हवा. सगळ्यात फिकट फुलं मध्ये, जिथे उजेड जास्त पडतो, आणि गडद लाल-जांभळी कडेला, म्हणजे गुच्छ कडांकडे हळूहळू अंधारात विरघळतो. सगळी फुलं कॅमेऱ्याकडे तोंड करून बसवली की शाळेचा ग्रुप फोटो होतो, एकदोन तरी पाठमोरी पाहिजेत, देठाकडची हिरवी बाजू दाखवणारी. एक फांदी वर डावीकडे जाऊ दे, एक खाली उजवीकडे टेबलाच्या कडेवरून ओघळू दे, नजर नागमोडी फिरते मग. टेबलावर दोनतीन पाकळ्या पडलेल्या ठेवायच्या, आणि घरातल्यांना आधी सांगून ठेवायचं, कारण मी तासभर जागा बदलून बदलून ठेवलेल्या पाकळ्या आईने येऊन एका हाताने गोळा केल्या आणि वर म्हणाली किती कचरा केलायस.

कॅमेरा असेल तर ट्रायपॉड, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) १००, अ‍ॅपर्चर एफ ८ ते एफ ११ (लेन्सचं छिद्र लहान, म्हणजे पुढचं-मागचं सगळं स्पष्ट), शटर म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ जो येईल तो, माझ्याकडे अर्धा ते दोन सेकंद येतं. म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा आणि पंखा बंद करा! पंख्याचं मी सांगतेय कारण पहिल्या दिवशीचे चाळीस फोटो माझे हललेले होते आणि मी लेन्सला शिव्या देत बसले होते. मोबाइल असेल तर त्यालाही स्टँड, दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरायची, आणि पोर्ट्रेट मोड नको, तो पाकळ्यांच्या कडा खातो. मागचं धूसर करायचा मोह सोडाच, त्या चित्रांत पुढचं-मागचं प्रत्येक फूल स्पष्ट असतं. व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, डेलाइट. आणि महत्त्वाचं, कॅमेऱ्याला एवढं काळं दिसलं की त्याला वाटतं उजेड कमी आहे, मग तो सगळं उजळ करतो आणि निशिगंधाचा पांढरा ठिपका होतो, म्हणून एक्स्पोजर उणे एक ते उणे दोन करा, मोबाइलवर फुलावर टॅप करून सूर्याचं चिन्ह खाली ओढा. झेंडू आणि लाल गुलाबाचं वेगळंच दुखणं, एकूण उजेड बरोबर असूनही लाल रंग एकटाच भरून वाहतो आणि पाकळ्यांच्या घड्या जातात. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात, लाल रेघ उजव्या भिंतीला आपटत असेल तर अजून कमी करा.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. त्या चित्रांत एकत्र दिसणारी फुलं एकाच वेळी फुलत नाहीत! वसंतातलं ट्युलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब एकाच फुलदाणीत, कारण चित्रकार ऋतूप्रमाणे एकेक फूल बघून रंगवत जायचे. फान हाइसुमच्या लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या एका चित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन सालं आहेत, आणि १७४२ च्या एका पत्रात त्याने लिहिलंय की पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र अडलंय. तर आपण का नाही? जमिनीवर ट्रायपॉडच्या पायांच्या जागी टेप लावा, बरणीच्या जागी पण, खिडकी तीच, वेळ तीच, सेटिंग तेच. पावसाळ्यात तेरडा आणि गुलबक्षी काढा, थंडीत शेवंती आणि डेलिया, उन्हाळ्यात मोगरा. गुलबक्षी संध्याकाळी उमलते, उजेड जायच्या आत धावपळ होते, तेवढं धरून चाला. नंतर फोटोशॉप किंवा फुकटातलं गिम्प, त्यात एकावर एक लेयर ठेवून लाइटन मोड लावायचा (त्यात प्रत्येक जागी जास्त उजळ असेल तेवढंच दिसतं), मागे काळं असल्यामुळे फुलं आपोआप एकत्र येतात, फक्त जिथे एक दुसऱ्यावर चढतं तिथे मास्क करून पुसायला लागतं.

एडिटिंगमध्ये मी फार काही करत नाही. त्या जुन्या चित्रांतली पानं बऱ्याचदा निळसर दिसतात, त्याचं कारण असं की हिरव्यासाठी निळ्यावर जो पिवळ्याचा थर दिलेला असायचा तो वर्षानुवर्षं उजेडात उडून गेला आणि खालचा निळा उरला. म्हणून लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) हिरवा थोडा निळ्याकडे सरकवा आणि त्याचं सॅच्युरेशन, म्हणजे भडकपणा, उतरवा, एवढ्याने फोटो एकदम तीनशे वर्षं मागे जातो. काळा रंग अगदी कोळशासारखा न ठेवता कर्व्हच्या (उजेड-अंधार बदलायच्या रेषेच्या) खालच्या टोकाला किंचित उचलून तपकिरीकडे न्यायचा, जुन्या वॉर्निशसारखा. कॅनव्हासचं टेक्स्चर वगैरे प्लीज नको. प्रिंट काढलीत तर चकचकीत कागदावर नको, मॅटवर.

माझा सध्याचा फोटो जूनपासून चाललाय, तेरडा झाला, गुलबक्षी झाली, शेवंतीही बसली. वर डावीकडे एक जागा रिकामी आहे, तिथे बहावा लोंबायला हवाय आणि तो आमच्याकडे एप्रिलशिवाय फुलत नाही, तोवर जमिनीवरच्या टेपला हात लावायचा नाही असं आईला सांगून ठेवलंय.