अर्गममध्ये स्वतःची टर्म लिहिण्याआधीची तयारी

आर या संख्याशास्त्राच्या भाषेतल्या स्टॅटनेट संचातले, नेटवर्कची संख्याशास्त्रीय मॉडेल बसवणारे अर्गम हे पॅकेज वापरताना मॉडेलला हवी ती टर्म (म्हणजे नेटवर्कमध्ये मोजायची एखादी गोष्ट) मिळत नसेल, तर ती स्वतः लिहून जोडता येते. पण सी भाषेची फाइल उघडण्याआधी टर्म खरोखरच नाही ना, एवढे बघा. सर्च-अर्गम-टर्म्स या फंक्शनला एखादा शब्द दिला की जुळणाऱ्या टर्म्स समोर येतात. चौथ्या आवृत्तीपासून एका टर्मला दुसऱ्या टर्मवर चालवणारे ऑपरेटरही आले आहेत, आणि नोडच्या (नेटवर्कमधल्या बिंदूच्या) गुणधर्माचा वर्ग (स्क्वेअर) किंवा लॉगरिदम तर सूत्रातच लिहिता येतो. अनेकदा काम इथेच संपते.

नाही संपले तर सीचा कोड यंत्रभाषेत बदलणारा कंपायलर लागेल. विंडोजवर आरटूल्स, आणि तेही आरच्या आवृत्तीशी जुळणारे: आर 4.3 असेल तर आरटूल्स 43, आर 4.4 असेल तर 44. मॅकवर एक्सकोडची कमांड लाइन साधने, उबुंटूवर आर-बेस-डेव्ह. पीकेजी-बिल्ड पॅकेजमधले हॅज-बिल्ड-टूल्स फंक्शन चालवून होकार येईपर्यंत पुढे जाऊ नका.

कोरे पॅकेज स्वतः उभारण्यात अर्थ नाही. स्टॅटनेटच्याच मंडळींनी अर्गम-यूजरटर्म्स नावाचा साचा दिला आहे, तो उतरवून घ्या. त्याचे नाव बदलायचे असेल तर डिस्क्रिप्शन फाइलमध्ये, नेमस्पेसमधल्या यूज-डायन-लिबच्या ओळीत आणि आर फोल्डरमधल्या फाइलींत, सगळीकडे एकदमच बदला. एक जागा राहिली की पॅकेज बसतच नाही, किंवा बसले तरी टर्म हाक मारूनही सापडत नाही. डिस्क्रिप्शनमधली लिंकिंग-टू ही ओळ पुसू नका, कारण अर्गमच्या हेडर फाइली तिच्यामुळेच सापडतात.

आता कागद-पेन्सिल घ्या. ही पायरी सर्वाधिक टाळली जाते. साच्यातले उदाहरण मिन-डिग्री या टर्मचे आहे: दिलेल्या संख्येइतकी किंवा तिच्याहून जास्त डिग्री (म्हणजे जोडण्यांची संख्या) असलेले नोड किती. फ्लॉरेन्सच्या घराण्यांमधल्या विवाहसंबंधांचे नेटवर्क अर्गमसोबतच येते. त्यात 16 नोड, 20 एज (नोडमधल्या जोडण्या). मेदिची घराण्याची डिग्री 6, पुच्ची एकटेच, डिग्री 0. हाताने मोजले तर किमान 1 डिग्रीचे 15 नोड, किमान 2 चे 11, किमान 3 चे 9. तुमच्या टर्मसाठीही असे आकडे कोड लिहिण्याआधीच टिपून ठेवा. कोड चालल्यावर मोजायला बसलात, तर कोडने दिलेले उत्तरच बरोबर वाटू लागते.

टर्मचे दोन भाग असतात. आरमधला भाग आर्ग्युमेंट तपासतो आणि एक यादी परत करतो. या यादीतल्या दोन गोष्टी चुकल्या तर काहीही ओरडत नाही. पहिली, रिकाम्या नेटवर्कवरची किंमत. ती दिली नाही तर शून्य धरली जाते. मिन-डिग्रीला 0 दिले तर एकही एज नसताना सगळेच नोड मोजले जातात, म्हणून वरच्या नेटवर्कसाठी ती 16 हवी. दुसरी, डिपेंडन्स, म्हणजे एका एजची शक्यता दुसऱ्या एजांवर अवलंबून आहे का. ती चुकून फॉल्स लिहिली, आणि मॉडेलमधल्या बाकीच्या टर्म्सही स्वतंत्र असल्या, तर अर्गम यादृच्छिक नमुन्यांची (एमसीएमसी) साखळी न चालवता लॉजिस्टिक रिग्रेशनसारखे गणित करून मोकळे होते. आकडे सुबक येतात, चुकीचे असतात. शंका असेल तर ट्रूच ठेवा. फार तर वेळ जास्त जाईल.

सीमधल्या भागाचे काम एकच: एक एज टॉगल केली (असेल तर काढली, नसेल तर घातली) तर आकडा कितीने बदलेल ते सांगणे. पूर्ण आकडा नव्याने मोजायचा नाही, आणि टॉगल स्वतः करायचे नाही. फंक्शनला टेल आणि हेड (एजची दोन टोके) आणि एज-स्टेट (ती एज आत्ता आहे की नाही) मिळतात. एज आधीच असेल तर टॉगल म्हणजे ती काढणे, म्हणून चिन्ह उलटे. नोडचे क्रमांक 1 पासून आणि सीची अॅरे 0 पासून, म्हणून नोडचा गुणधर्म इनपुटमधून घेताना टेलमधून 1 वजा करा. विसरलात तर प्रोग्राम दरवेळी कोसळेलच असे नाही. शेवटच्या नोडला शेजारच्या मेमरीतला कचरा मिळेल आणि बाकीच्यांना पुढच्या नोडचा गुणधर्म. दिशाहीन (अनडायरेक्टेड) नेटवर्कमध्ये टेल नेहमी हेडपेक्षा लहान असतो, त्यामुळे डिग्री हवी असेल तर इन आणि आउट या दोन्ही डिग्रींची बेरीज करा. व्हर्टेक्स हा प्रकार ऋण संख्या घेत नाही. डिग्री 0 असताना त्यातून 1 वजा केला की 4294967295 मिळते आणि तुलना खरी ठरते. इंटरनेटवरची जुनी उदाहरणे डी-प्रकारच्या फंक्शनची असतात, ज्यात टॉगलचा लूप स्वतः लिहावा लागे. त्यांतले तुकडे नव्या सी-प्रकारात चिकटवू नका.

हे फंक्शन साखळीतल्या दर प्रस्तावाला, म्हणजे एखादी एज टॉगल करून बघण्याच्या दर वेळी, चालते. इंटरव्हल (दोन नमुन्यांमधले प्रस्ताव) 1024 आणि नमुने 1024 ठेवले तर 10,48,576 वेळा, बर्न-इन (सुरुवातीचे टाकून दिलेले प्रस्ताव) वेगळे. त्यात सगळ्या नोडवरून फिरणारा लूप परवडत नाही. टेल आणि हेडच्या शेजाऱ्यांपुरते थांबा.

तपासणीची तयारीही आधीच हवी. समरी (दिलेल्या नेटवर्कवर टर्मचा आकडा सांगणारे फंक्शन) टिपलेल्या आकड्यांशी जुळली म्हणजे झाले, असे नाही. समरी रिकाम्या नेटवर्कपासून एकेक एज घालत जाते, त्यामुळे एज काढण्याची बाजू तिथे तपासलीच जात नाही. अर्गम-गॉडफादर फंक्शनने तीच एज दोनदा टॉगल करा. आकडा मूळ जागी परत यायला हवा. मग सिम्युलेटने शंभरेक नेटवर्क काढा, तुमची टर्म मॉनिटर या आर्ग्युमेंटमध्ये ठेवा आणि नोंदवलेला आकडा प्रत्येक नेटवर्कच्या समरीशी ताडून बघा. काढण्याचे चिन्ह चुकले असेल तर फरक वाढत गेलेला दिसेल.

पहिलाच प्रयत्न असेल तर आधी फक्त एज मोजणारी टर्म लिहा. वरच्या फ्लॉरेन्सच्या नेटवर्कमध्ये नोडच्या 120 जोड्यांपैकी 20 एज, म्हणजे मॉडेलमधला गुणांक 20 भागिले 100 चा नैसर्गिक लॉगरिदम, उणे 1.609. तो आला की साधने, साचा आणि नावे जागेवर आहेत. दुरुस्ती करून पॅकेज पुन्हा बसवले की आरचे सत्र बंद करून नव्याने उघडा, नाहीतर मेमरीत जुनीच लायब्ररी राहते. आणि अर्गमची आवृत्ती बदलली की तुमचे पॅकेजही पुन्हा कंपाइल करा, कारण ते जुन्या हेडरवर बांधलेले असते.