कॅलिफोर्नियात कॉन्ट्रॅक्टरने काम बिघडवलं, तर लायसन्स बोर्डाकडे तक्रार कशी करावी

नव्याकोऱ्या बाथरूममध्ये पाणी साचतंय, टाइल नाण्याने ठोकली की बद्द वाजतेय आणि कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही. फ्रीमाँट, सनीवेलकडच्या मराठी ग्रुपवर अशी कैफियत मांडली की सल्ल्यांना तोटा नसतो. वकील गाठा, गूगलवर एक स्टार द्या, नाहीतर नाद सोडा. राज्य सरकारकडे फुकटात तक्रार करता येते, हे मात्र फार थोड्यांना सुचतं.

इथे बांधकामाची लायसन्स कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड देतं, म्हणजेच सीएसएलबी. हे कोर्ट नव्हे. तुमचे पैसे वसूल करून देणं हे त्याचं मुख्य काम नाही. कॉन्ट्रॅक्टर लायसन्स ठेवायच्या लायकीचा आहे का, एवढंच ते बघतं. पण कॉन्ट्रॅक्टरचं पोट त्या लायसन्सवरच असतं, त्यामुळे बोर्डाचं पत्र गेलं की बंद फोन अचानक लागायची शक्यता बरीच वाढते.

पहिलं काम, बोर्डाच्या संकेतस्थळावर लायसन्स नंबर टाकून बघा. लायसन्स चालू आहे का, कोणत्या वर्गाचं आहे (टाइल्सला सी-५४, प्लंबिंगला सी-३६), बॉन्ड (काम बिघडलं तर भरपाई मागता यावी म्हणून कॉन्ट्रॅक्टरने घेतलेली हमी) कुठल्या कंपनीचा, हे तिथेच कळतं. ते पान सेव्ह करून ठेवा. १ जानेवारी २०२५ पासून मजुरी आणि सामान मिळून १,००० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीच्या कामाला लायसन्स लागतं. तुमच्या माणसाकडे ते नसलं तरी तक्रार होते. शिवाय बिनलायसन्सवाल्याला दिलेली सगळी रक्कम परत मागता येते, फक्त त्यासाठी काम थांबल्यापासून वर्षाच्या आत कोर्टात जावं लागतं.

मग कॉन्ट्रॅक्टरला लेखी कळवा. काय बिघडलंय आणि कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त करून हवंय, इतकंच. संताप घरच्यांजवळ काढा, ईमेलमध्ये नको.

आता पुरावा, आणि खरी मेहनत इथे आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाईने काहीही उखडू नका. टाइल्स काढून टाकल्या तर बोर्डाचा माणूस येऊन बघणार काय? फोटो काढताना शेजारी मोजायची टेप किंवा लेव्हल (उतार दाखवणारी, बुडबुड्याची पट्टी) धरा. शॉवरच्या जमिनीला मोरीकडे, म्हणजे पाणी जायच्या भोकाकडे, प्रत्येक फुटाला पाव इंच उतार हवा; तो नसेल तर लेव्हलवरचा बुडबुडाच साक्ष देतो. बद्द वाजणाऱ्या टाइल्सवर निळी टेप चिकटवून पूर्ण भिंतीचा एक फोटो घ्या. करारपत्र, चेक, टेक्स्ट मेसेज आणि शहराचं परमिट तारखेप्रमाणे लावा. दुसऱ्या लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या. ‘कॅशमध्ये स्वस्तात करतो’ म्हणून करारच केला नसेल, तर हे सगळं बरंच अवघड होतं. आणि हो, घराच्या कामात आगाऊ रक्कम १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यांत जी कमी असेल तितकीच घेता येते. जास्त घेतली असेल तर तेही लिहा, तो वेगळा गुन्हा आहे.

तक्रार ऑनलाइन भरता येते. ‘माणूस लबाड आहे, आमची फसवणूक झाली’ असं लिहून काही हाती लागत नाही. काम त्या धंद्यातल्या मान्य दर्जाला उतरलं की नाही, हीच बोर्डाची कसोटी असते. म्हणून असं लिहा: ‘शॉवरच्या जमिनीला मोरीकडे उतार नाही, आंघोळीनंतर कोपऱ्यात पाणी उभं राहतं, फोटो क्रमांक ४.’ एका दोषाला एक ओळ पुरे. तक्रारीची मुदत साधारणपणे चार वर्षांची. लपलेल्या, बांधकामाच्या सांगाड्यातल्या दोषांना दहा.

पुढे बोर्ड कॉन्ट्रॅक्टरला कळवतं आणि आधी समेट होतोय का ते बघतं. नाही जमलं तर बोर्ड स्वतःच्या खर्चाने तज्ज्ञ पाठवू शकतं. काम दर्जाला उतरलंय का आणि दुरुस्तीला किती लागतील, हे तो लिहून देतो. हा अहवाल सोन्याच्या मोलाचा. काही वाद लवादाकडे जातात. तिथला निकाल कॉन्ट्रॅक्टरने पाळला नाही तर लायसन्स निलंबित होतं. यात महिने जातात, तेव्हा धीर धरा.

पण नुसते बसून राहू नका. २५,००० डॉलरच्या बॉन्डवर दावा थेट बॉन्ड कंपनीकडे करायचा असतो, आणि ती रक्कम त्या कॉन्ट्रॅक्टरच्या सगळ्या दावेदारांत मिळून एकच असते. स्मॉल क्लेम्स कोर्टात (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत मागता येतात, तेही वकिलाशिवाय. बोर्डाकडे तक्रार केली म्हणून कोर्टाची मुदत थांबत नाही.

मध्येच कॉन्ट्रॅक्टर ‘करून देतो, तेवढी तक्रार मागे घ्या’ म्हणाला, तर काय काय करणार ते तारखेसह लिहून घ्या. टाइल्स पुन्हा बसवण्याआधी मोरी बंद करून शॉवरच्या जमिनीवर पाणी भरायला लावा, रात्रभर ठेवा, सकाळी पातळी मोजा. पातळी उतरली नसेल, पुढचं काम नीट झालं असेल, तरच तक्रार मागे घ्यायला सही.